फ्रीजरमधलं दूध

जिजाबाई उमरेडहून सोललेला वाटाणा घेऊन आल्या होत्या. तो ठेवायला त्यांनी फ्रीजर उघडला आणि दार तसंच धरून मागे वळल्या.

"हे औषध आहे का वं, धनश्री?"

धनश्री गॅससमोर उभी होती. आज आरुषचं उष्टावण. त्याच्या तोंडी पहिलं अन्न जाणार होतं आणि ती खीर खाली लागू नये म्हणून तिला हात थांबवता येत नव्हता. "तुमच्या पोरीचं दूध आहे ते," तिने न वळता सांगितलं.

"मयुरीचं? एवढं?"

"ड्युटीवर पंपानं काढून आणते. त्याले दिवसा पाजाले."

जिजाबाईंनी एक छोटी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "हे तं नासलं. वर पिवळं, खाली पांढरं."

"नासलं नाही, मावशी. साय वर येते. कोमट पाण्यात ठेवून हलवलं की एक होते."

हे वाक्य मयुरीचं होतं. दिवाळीनंतर कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तिने थोरल्या जावेला सगळं समजावलं होतं. आधी कोणती बाटली घ्यायची, पाणी किती कोमट, उरलेलं परत का ठेवायचं नाही. मयुरी सदर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती आणि घरातही ती तशीच बोलायची, जणू समोर शिकाऊ मुलगी उभी आहे.

जिजाबाईंचा चेहरा उजळला. "आमच्या घराण्यातच आहे हे. माझ्या लेकरांच्या वेळेस मले दिवसातून दोनदा पातळ बदलावं लागे." बाटली ठेवून त्यांनी दार लावलं आणि सहज आठवल्यासारखं विचारलं, "तुले नव्हतं आलं न वं?"

"नाही."

"अगदीच नाही?"

"जरा सरका, मावशी. मले वेलची घेऊ द्या."

तेवढ्यात रुख्माबाई देवाजवळून उठून आल्या. "नैवेद्याचं दूध कुठं ठेवलं वं? फ्रीजमध्ये नाही न?"

"नाही, आई. ओट्यावर आहे."

रुख्माबाई विहिणीकडे वळल्या. "सांगा तुम्हीच, ईनबाई. बाईमाणसाचं दूध अन् देवाचं दूध एका पेटीत कसं ठेवाव? तुमच्या पोरीले सांगाले गेली तं म्हणते, मग गाईचं बाहेर ठेवा."

"बराबर बोलली. लेकराले आईचं ते आईचं."

"आमची वेदिका गाईच्याच दुधावर वाढली. काय कमी आहे तिच्यात? तिसरीत पहिली येते."

रुख्माबाई हे नातीच्या कौतुकानेच म्हणाल्या. धनश्रीला त्यातलं कौतुक कधी ऐकू येत नसे. तिला ऐकू यायचं ते एवढंच, की वेदिका तिच्यावर वाढली नाही.

आणि तेही पूर्ण खरं नव्हतं. वेदिका झाली तेव्हा धनश्रीला दूध आलं होतं. घट्ट, पिवळं, थेंबथेंब. रुख्माबाई म्हणाल्या, हा चीक आहे, साचलेला, लेकराला जड पडतो. पाचवी पुजेपर्यंत त्यांनी तो न्हाणीच्या भिंतीवर पिळून टाकायला लावला. बाळाला गुटी आणि वावडिंग घालून उकळलेलं गाईचं दूध सुरू झालं. नंतर छातीशी लावलं तर बाळ चोखेचना. चोखेना म्हणून दूध आटलं, आणि आटलं म्हणून थोरलीला दूधच नाही असं ठरलं. त्याच आठवड्यात कुहीला नवऱ्याच्या, म्हणजे संजीवच्या, मामाकडे गाय व्याली. डबाभर चीक आला. वेलची-गूळ घालून सगळ्यांनी खरवस खाल्ला. बाळंतिणीलाही एक वडी मिळाली. धनश्रीने ती खाल्ली होती आणि तिला ती आवडली होती. इतक्या वर्षांनंतरही तिला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच.

मयुरीच्या वेळी हॉस्पिटलमधल्या नर्सने बाळ सरळ छातीवर आणून ठेवलं. चिकाचा एक थेंब वाया घालवू नका, म्हणाली. रुख्माबाई समोर उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. उलट टांडापेठेत चार घरी सांगून आल्या, धाकटीले धार आहे.

धनश्रीने गॅस बंद केला. आरुष आतल्या खोलीत झोपला होता. सकाळी मयुरी न्हायला गेली तेव्हा त्याला पाजून धनश्रीनेच निजवलं होतं.

*

समोरच्या खोलीत पाट मांडला होता. इथे पूर्वी सासऱ्यांचा, नत्थूजींचा, हातमाग होता. ज्या खड्ड्यात पाय सोडून ते बसत, तो बुजवून वर फरशी केली होती आणि नेमकी तेवढीच फरशी जराशी खचली होती. पाट डुगडुगत होता. मयुरीच्या भावाने, राकेशने, खाली कागदाची घडी सरकवली.

"मामा, अंगठी आणली न?" मयुरीच्या नवऱ्याने, अभिजीतने, मोबाइलचा कॅमेरा सुरू करत विचारलं.

"आणली न, भाऊजी. सोन्याची आहे. चाटवून झाली की परत बोटात. गिळली तं पंचाईत."

मयुरी हसली नाही. तिने आरुषला खांद्यावर घेतलं होतं. त्याच्या कानाची पाळी ती पुन्हापुन्हा पाहत होती. पाळी फिकट होती. याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी खाली ओढून पाहिली होती आणि विचारलं होतं, वरचं दूध देता का?

"एक थेंबही नाही," मयुरीने सांगितलं होतं. सांगताना तिची मान जराशी ताठ झाली होती.

"मग रक्त इतकं कमी काहून?"

तेव्हापासून ती स्वतःलाच तपासत होती. बीट खात होती, अळीव खात होती, लोहाच्या गोळ्या घेत होती. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये पंप धरून उभी राहायची तेव्हा वाटायचं, आपल्या दुधातच काही नसेल का? घरी यावं तर आरुष धनश्रीच्या कडेवर. तो आईकडे आधी नुसता बघायचा. मग ओळखायचा. तो मधला क्षण मयुरीला दुसऱ्या दिवशीही सलत राहायचा.

आरुषने मान वर केली, अंग ताणलं आणि तिच्या खांद्यावर ओकला.

"झालं! नव्या साडीवर!" जिजाबाई फडकं घेऊन उठल्या.

"थांब, आई."

मयुरीने खांद्यावरचा गोळा बोटांत घेतला. तिच्या दुधाची ओकारी तिला रोजची माहीत होती. पातळ असायची, कण असले तरी बोटांत विरून जायचे. हा गोळा पांढरा आणि रबरासारखा होता. दाबला तरी फुटला नाही. तिने तो नाकाशी नेला.

वावडिंग.

"याले गाईचं दूध कोणी पाजलं?"

"ताई, ओकते लेकरू, त्यात काय एवढं," राकेश म्हणाला.

"माझ्या दुधाचं असं दही नाही होत. अन् माझ्या दुधाले वावडिंगाचा वास कसा येईन? कोणी पाजलं?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच अभिजीतने मोबाइल खाली घेतला. "सहा महिन्यांच्या लेकराच्या आतड्याले हे झेपत नाही. आतून बारीक बारीक रक्त जाते, डोळ्याले दिसत नाही. मी डॉक्टरले छाती ठोकून सांगून आली की एक थेंब देत नाही. ते मले विचारून राहिली, मग रक्त काहून कमी!"

संजीव, धनश्रीचा नवरा, खापरखेड्याच्या वीज केंद्रातली रात्रपाळी करून आला होता आणि भिंतीला टेकून पेंगत होता. तोही सरळ बसला.

जिजाबाईंनी फडक्याची घडी केली. "वावडिंग या घरात कोणाच्या बटव्यात असते, ते मी सांगाव का?"

सगळ्यांच्या नजरा रुख्माबाईंकडे गेल्या.

*

रुख्माबाईंना माहीत होतं. मागच्या दाराआड हरभऱ्याची भाजी खुडत बसलेल्या असताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. धनश्री हातात बाटली घेऊन यायची, इकडेतिकडे बघायची आणि जास्वंदीच्या मुळाशी ती ओतायची. मग नळाखाली बाटली विसळायची, आणि थोड्या वेळाने वावडिंगाचा वास यायचा. त्यांनी विचारलं नव्हतं. गाईचं दूध पोटात जातं आहे, हे त्यांना बरंच वाटलं होतं.

आता त्या भराभर विचार करत होत्या. अभिजीत महिनाभरापासून शहराबाहेर बेसा रोडला फ्लॅट बघत होता. आईला माहीत नाही असं त्याला वाटत होतं. जावेने केलं असं निघालं तर आज संध्याकाळीच बॅगा भरल्या जातील. सासूने केलं असं निघालं तर दोन दिवस तोंडं फुगतील, विहीण उमरेडभर सांगेल आणि संपेल. सासवा असं करतातच. त्यात कोणाला नवल वाटत नाही.

"मी पाजलं," रुख्माबाई म्हणाल्या.

धनश्रीने दचकून वर पाहिलं. रुख्माबाईंनी तिच्याकडे बघणं टाळलं.

"वाटलंच मले!" जिजाबाई म्हणाल्या. "ईनबाई, तुम्हाले डॉक्टरपेक्षा जास्त समजते का?"

"माझे दोन पोरं वाढले त्याच्यावर. हा बसला तुमचा जवाई, अशक्त दिसते का?"

"आई, तुम्ही मले एकदा विचारलं असतं," मयुरी म्हणाली. तिच्या आवाजातला राग अडखळला. सासूवर कसं ओरडायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"तुले काय विचाराव? मध नको, गुटी नको, पाणी नको. माझ्या हातानं नातवाले काही देताच येत नाही. भूक लागली की तू घेते, नसली भूक तं आम्ही खेळवाव. आजी आहे का मी, का खुळखुळा?"

राकेशला हसू आलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. रुख्माबाईंना आपल्या बोलण्याचं बळ चढत गेलं. जे कधी घडलं नव्हतं ते त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागलं, आणि ते छान होतं.

"रोज दुपारी पाजते मी. धनश्री वर कपडे वाळत घालाले जाते, तेव्हा. असा पडते माझ्या मांडीवर, अन् चमचा दिसला की पाखराच्या पिल्लावानी तोंड उघडते." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "दुसऱ्या कोणाच्या हातचं घेतच नाही तो. धनश्रीनं चमचा लावला तं मान फिरवते. माझ्याच हाताची सवय आहे त्याले."

"खोटं."

*

धनश्रीने फक्त गप्प राहायचं होतं. सासूने दार उघडून धरलं होतं आणि तिने त्यातून निघून जायचं होतं. हे तिला समजत होतं. तरी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पुढे आली. हातात अजून खिरीचा पळा होता.

"आईनं नाही पाजलं. मी पाजलं."

"चूप वं. तू कशाले मधात येते?" रुख्माबाई म्हणाल्या.

"काहून चूप राहू? तुमचा हात कापते, आई. चहाचा कप धरता येत नाही तुम्हाले, चमचा कसा धरसान? एक दिवस तरी पाजलं का तुम्ही त्याले? मी पाजलं. रोज. आज सकाळी पण मीच. माझ्याच हातचं घेते तो."

"धनश्री!" संजीव उठून उभा राहिला.

मयुरी तिच्याकडे बघत होती. राग यायला तिला वेळ लागत होता. आधी दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"अन् माझं दूध?"

"जास्वंदीले घालत होती."

"कशाले?"

"मोरीत नाही ओतलं मी." धनश्री घाईने म्हणाली. "पाय पडला, नाही तं मुंग्या लागल्या, तं आईचं दूध आटते म्हणतात. झाडाच्या मुळाशीच घातलं. तुझं आटाव असं मनात नव्हतं माझ्या."

"उपकार केले?"

"अन् त्याच जास्वंदीचे फुलं ईनबाई रोज गणपतीले वाहून राहिल्या!" जिजाबाईंनी कपाळाला हात लावला. "फ्रीजमध्ये चालत नाही म्हणे!"

रुख्माबाई पाटाकडे बघत राहिल्या. जास्वंद या हिवाळ्यात काहून इतकी फुलली, असा प्रश्न त्यांना पडला होता, पण त्यांनी तो जास्त खणला नव्हता.

मयुरीने आरुषला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बाथरूममध्ये उभी राहून काढलं मी ते, ताई. लॅबमधले लोक दार वाजवतात. पाठ दुखते. काय वाईट केलं मी तुमचं?"

"पहिल्या दिवशी तुझंच गरम केलं होतं. देवाशपथ. नाही घेतलं त्यानं. रडून रडून काळानिळा झाला. गॅसवर वेदिकाचं दूध होतं. पाणी घातलं, वावडिंग घातलं, चमचाभर देऊन पाहिलं. अन् घेतलं त्यानं."

"तो एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशी?"

धनश्रीने पळ्यावरची साय बोटाने निपटली. उत्तर तिला माहीत होतं. ते मोठ्याने म्हटलं की कसं वाटेल, ते माहीत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी मी तुझं गरमच नाही केलं."

"काहून?"

"सकाळी तुझं, रात्री तुझं. दुपारी माझ्या हातानं पण तुझंच. मग मी कोण? बाटल्या धुणारी?" तिचा आवाज फाटला. "लोकं त्याले पाहून म्हणतात, आईच्या दुधाचं अंग आहे. मी ऐकून घेते अन् मनात म्हणते, नाही, माझ्या हातचं आहे थोडंसं."

"लाज नाही वाटत?" संजीव म्हणाला. "लेकराच्या रक्ताशी खेळली अन् वर—"

"तुम्ही बोलूच नका! माझा चीक न्हाणीच्या भिंतीवर पिळाले लावला होता, तेव्हा तुम्ही इथंच बसून खरवस खाऊन राहिले होते. दोनदा वाढून घेतला होता."

संजीवने आईकडे पाहिलं. रुख्माबाईंनी पदराने पाटावरची नसलेली धूळ पुसली. तो खाली बसला.

"म्हणूनच म्हणत होतो मी," अभिजीत पुटपुटला. "दादा, आता वेगळं झालेलंच—"

"फ्लॅटचं नंतर पाहू," मयुरी म्हणाली. आता तिचा आवाज पुन्हा सरळ झाला होता. "उद्यापासून आरुष पाळणाघरात राहीन. लॅबच्या मागच्या गल्लीत आहे एक. मी त्याले सोबत नेईन अन् सोबत आणीन. दुपारी माझं जेवण राहिलं तं राहिलं, जाऊन पाजून येईन."

धनश्रीच्या हातातून पळा सुटला नाही, पण तो तिने पाटाजवळ कधी ठेवला हे तिला आठवलं नाही. दुपार. तिच्याकडे दिवसातली तेवढीच वेळ होती. वेदिका शाळेत, सासू झोपलेली, संजीव कामावर, आणि मांडीवर तो.

"परक्या बाईजवळ?" ती म्हणाली.

"परक्या बाईले माझ्या दुधाशी वैर नसन."

*

उष्टावण उरकायचं म्हणून उरकलं. राकेशने अंगठीची कडा खिरीत बुडवून भाच्याच्या ओठाला लावलं. आरुषने जीभ बाहेर काढून ते ढकललं आणि रडायला लागला. सकाळचं सगळं ओकून गेलं होतं. त्याला भूक लागली होती.

मयुरी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. छाती दगडासारखी भरलेली होती. तिने त्याला लावलं. तो चार वेळा चोखून सुटला आणि किंचाळला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. काय होतंय ते तिला पुस्तकातल्यासारखं माहीत होतं. मनाला धक्का बसला की दूध असूनही सुटत नाही, अडून राहतं, आईने शांत व्हावं लागतं. माहीत असल्याने ती शांत होत नव्हती.

"फ्रीजरमधलं देते गरम करून," जिजाबाई दारातून म्हणाल्या.

कोमट बाटली आली, वाटी आली, चमचा आला. मयुरीने त्याला मांडीवर आडवं धरलं. दूध ओठाला लागलं की तो मान मागे टाकायचा आणि तोंड तिच्या छातीकडे वळवायचा. तिथलं मिळत नाही म्हणून आणखी रडायचा. अर्धी वाटी त्याच्या गळ्यावरून लंगोटात गेली. "असा नाही, बसवून धर," जिजाबाई म्हणाल्या आणि स्वतः घेऊन पाहिलं. त्यांच्या हातात तर तो धनुष्यासारखा वाकला.

"मी तीन वाढवले," त्या त्याला परत देत म्हणाल्या, "पण हा मोठाच हेकट आहे."

दाराशी धनश्री उभी होती. किती वेळची उभी होती कोणास ठाऊक. ती आत आली नव्हती.

आरुषचा आवाज बसायला लागला होता. मयुरीने डोळे पुसले.

"घ्या," ती म्हणाली. "पण हेच दूध."

धनश्री पलंगावर टेकली आणि तिने बाळ घेतलं. बाटली हलवून साय एक केली, वाटीत ओतलं. मग तिने करंगळीचं टोक त्यात बुडवून जिभेला लावलं. गरम किती आहे ते बघायला असेल. पण बोट तोंडातच राहिलं.

"गोड आहे," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. इतके दिवस ते तिच्या हातातून मातीत गेलं होतं आणि त्याची चव तिने आज पहिल्यांदा घेतली होती.

"गाईच्यापेक्षा गोडच असते," मयुरी म्हणाली.

धनश्रीने काय केलं ते मयुरीला नीट दिसलं नाही. बाळ कुशीत गेलं, हात कुठेतरी मानेखाली गेला, आणि रडणं एकदम थांबलं. मग घुटक्यांचा आवाज यायला लागला. एक, थोडं थांबून दुसरा. आरुषच्या पायाची बोटं उघडत होती, मिटत होती. मयुरीने हे कधी पाहिलं नव्हतं. छातीशी पिताना त्याचे पाय तिला दिसतच नसत. दूध तिचं होतं, तो तिचा होता, आणि तरीही दारातून कोणी बघितलं असतं तर पाहुणी तीच दिसली असती.

जिजाबाई उसासा टाकून बाहेर गेल्या. बाहेर रुख्माबाई पानं मांडायला सांगत होत्या.

"उद्या त्या पाळणाघराच्या बाईले सांगावं लागन," मयुरी म्हणाली. "कसं पाजता तुम्ही याले?"

"नाही घेणार तो तिच्या हातचं."

"उपाशी थोडाच राहीन?"

"राहीन. दोन दिवस. मग तूच आणशीन परत." धनश्रीच्या आवाजात काळजी नव्हती. ती वाटीकडे बघून बोलत होती, आणि गाल आतून ओढून धरल्यासारखे दिसत होते, हसू येऊ नये म्हणून धरतात तसे.

"मग मले दाखवा. मी शिकवीन तिले."

"दाखवाव काय त्यात? असंच. सगळे धरतात तसं."

मयुरी पुढे वाकली. तिचा हात लॅबमधल्या नमुन्यांना सरावलेला होता, एकदा पाहिलं की तिला जमत असे. फक्त दिसायला हवं होतं. डावा हात नेमका कुठे आहे, वाटी ओठाला टेकते की चमचा, जीभ बाहेर येईपर्यंत थांबते की नाही. धनश्रीने पदर सावरला. सावरता सावरता तो वाटीवर आला.

"ताई, मले दिसून नाही राहिलं."

"बोलू नको न. त्याचं ध्यान जाते."

मयुरी उठली आणि पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूने येऊन बसली. धनश्रीने मांडीवरच्या बाळाला जराही धक्का लागू दिला नाही. ती अख्खीच दुसरीकडे वळली.